सीताबर्डीची लढाई फेरी: जागा चोख, पण ‘ठरलेलंच होतं’ हे गाळा

नागपुरात झिरो माइलपासून टेकडी गणपतीपर्यंतची ही सशुल्क फेरी जागा अचूक दाखवते. किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी आत जाता येतं, हेही नोंदणीच्या वेळीच सांगतात. तरी पाचपैकी तीनच तारे. दोन गेले गाईडच्या एका वाक्यापायी: नागपूरचे राजे ‘अप्पासाहेब (भोसले) यांचा पराभव ठरलेलाच होता.’

२७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी काहीच ठरलेलं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीची फौज दीड हजाराच्या आत, भोसल्यांची तिच्या कित्येक पट. छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा गाडा उडाला, त्या गोंधळात भोसल्यांच्या अरब सैनिकांनी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मग कंपनीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डचं घोडदळ तुटून पडलं, अरबांमध्येही स्फोट झाला आणि टेकडी परत कंपनीकडे गेली. कंपनीची साडेतीनशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. गाईड हे सगळं रंगवून सांगतात आणि शेवटी त्या एका वाक्याने पुसून टाकतात.

निकाल कळला की तोच अटळ वाटू लागतो. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी हे तपासलं, तेही १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धावर. लोकांना चार शक्यता दिल्या. ज्यांना जो निकाल ‘खरा’ म्हणून सांगितला, त्यांना तोच अधिक संभाव्य वाटला. निकाल विसरून अंदाज करा म्हटलं, तरी फरक पडला नाही. म्हणून ‘निष्पक्ष विचार करा’ एवढं सांगून भागत नाही.

उपाय सोपा आहे. छोटी टेकडी पडते तिथे गोष्ट थांबवावी, प्रत्येकाला चिठ्ठी द्यावी: भोसले जिंकतील, कंपनी तगेल, तह होईल, लढाई लांबेल, या चार शक्यतांमध्ये प्रत्येकाने शंभर टक्के वाटून लिहायचे. निकाल नंतर. मात्र माहितीपत्रकावर ‘भोसल्यांचा अस्त’ छापलंय, ते आधी बदला. नाहीतर चिठ्ठ्या फुकट.

उलट टोकही नको. ‘काहीही होऊ शकलं असतं’ हेही खरं नाही: कंपनीचा सेनापती डव्हटन याची कुमक १२ डिसेंबरला पोचलीच, १६ ला पुन्हा लढाई झाली. म्हणजे २७ ला अप्पासाहेबांनी टेकडी राखली असती, तरी त्यांच्यापुढे तो पेच होताच. कोणतं कारण किती जड, हे गाईडने सांगायला हवं. आणि नंतरचे भोसले राजे तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारसाविना गेल्यावर राज्य खालसा झालं, ते सीताबर्डीच्या लढाईच्या खात्यात टाकू नये. मधली ३६ वर्षं फेरीत एका वाक्यात उरकतात. तिथे दहा मिनिटं द्या.