शैक्षणिक पालकत्व : बावीस महिन्यांचा अनुभव, आणि त्यातलं ते पत्र

जून २०२३ मध्ये एका जुन्या वसतिगृहातल्या मुलाचं शैक्षणिक पालकत्व घेतलं. म्हणजे त्याच्या शिक्षणासाठी संस्थेला वर्षाला १८,००० रुपये द्यायचे आणि मुलाकडून पत्रं यायची. संस्थेचं नावही लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि मुलं अजून तिथेच राहतात. गाव मराठवाड्यातलं. मुलं बहुतेक ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आगेमागे आई-वडील मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यावर गेले की मुलं उन्हाळ्यापर्यंत वसतिगृहातच असतात.

यातला पहिला भाग मी जुलै २०२४ मध्ये लिहून ठेवला होता. तेव्हा रागात होतो. तो तसाच ठेवतोय, कारण त्यातलं काही आजही खरं आहे.

जुलै २०२४.

आधी देणगीच्या दाखल्याचं सांगतो. मी जुन्या करप्रणालीत आहे, त्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली निम्म्या देणगीची वजावट मिळते. म्हणजे ९,००० रुपये, आणि माझ्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासकट १,८७२ रुपयांचा कर वाचतो. त्यासाठी संस्थेने आयकर खात्याकडे माहिती भरून मला फॉर्म १०बीई, म्हणजे तो दाखला, द्यायचा असतो, मुदत ३१ मे. माझा फॉर्म जूनच्या शेवटी आला आणि त्यात माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकलेलं. एका अक्षरासाठी सात फोन केले. दर वेळी 'साहेब बाहेर गेलेत'. मी शाळकरी मुलाच्या फीसाठी दिलेल्या पैशाचा हिशोब मागतोय, भीक मागत नाही, हे शेवटी मला मोठ्याने म्हणावं लागलं. दुरुस्त दाखला २४ तारखेला हातात पडला. विवरणपत्राची मुदत ३१ ला संपत होती.

पण १,८७२ रुपयांपेक्षा मला लागलंय ते वेगळंच.

वर्षाला दोन पत्रं येतील असं सांगितलं होतं. पहिलं दिवाळीत आलं. 'तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार. पत्रास कारण की, आपण केलेल्या मदतीमुळे आमचे जीवन उजळून निघाले आहे.' शेवटी 'आपला आशिर्वाद असाच राहो'. आशीर्वादातली 'शी' ऱ्हस्व लिहिलेली. मुलगा तेव्हा सहावीत, अक्षर टपोरं, मला कौतुक वाटलं. कागद पाकिटात जपून ठेवला.

फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं. माझ्याच सांगण्यावरून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिथल्याच एका मुलीचं पालकत्व घेतलंय. त्यांनाही त्याच दिवशी पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. ओळीला ओळ तीच. 'क्रीडा महोत्सव आनंदात पार पडला' दोन्हीत. आणि दोन्हीत 'आशिर्वाद' ऱ्हस्वच. दोन मुलं एकाच जागी सारखी चुकत नाहीत. हे फळ्यावरून उतरवलेलं होतं.

मला याचा इतका त्रास का व्हावा, असं बायकोने विचारलं. कारण माझे वडील रयतच्या बोर्डिंगात वाढले. आमच्या घरात १९१९ आणि १९२४ ही सालं पाठ असायची, काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली ते साल आणि साताऱ्याला बोर्डिंग सुरू झालं ते. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याच्या बोर्डिंगात आले होते हेही वडील सांगत. पण लक्ष्मीबाईंचं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पोरांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीने अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. वडिलांची दोन वर्षांची पुस्तकं एका दुकानदाराने घेऊन दिली होती. त्यांना वडील दर सहामाहीला कार्ड टाकायचे, आणि दुकानदाराचं उलट कार्ड यायचं. त्यातलं एक आमच्याकडे अजून आहे. त्यात फक्त एवढंच की गणितात गुण कमी का, आणि पायाची जखम बरी झाली का. ज्याला जखमेचं माहीत होतं, त्याला वडिलांनी ती कळवली असणार. मला तसं पत्र हवं होतं.

मी संस्थेला सविस्तर ईमेल लिहिला. फळ्याबद्दल लिहिलं, आणि सातवीतल्या मुलाला 'आशीर्वाद' लिहिता येत नाही याकडेही लक्ष वेधलं. उत्तर नाही. पुढच्या वर्षीचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवलेलं नाही.

एवढं लिहून ठेवलं होतं. पुढचं आता लिहितोय, एप्रिल २०२५ मध्ये.

पैसे दिले. देण्याआधी १५ ऑगस्टला ध्वजवंदनाला म्हणून गेलो, आदल्या दिवशी फक्त फोन करून. पोचलो तेव्हा झेंडावंदन उरकलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळा फळा होता, त्यावर खडूने त्या दिवसाचा शिधा लिहिलेला : हजेरी ९१, तांदूळ ९ किलो, तूरडाळ ४ किलो, पीठ १८ किलो. खाली मदतनीस बाईंची सही. मी हिशोब ठेवणारा माणूस आहे, त्या फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. वसतिगृहाची मान्य संख्या ७२. त्या बहात्तरांपुरतंच सरकारी परिपोषण अनुदान येतं, तेही वेळेवर येत नाही. वरची एकोणीस पोरं कुणाच्याच यादीत नाहीत. हंगाम सुरू झाल्यावर कोयत्यावर जाणारी आई पोर दाराशी आणून सोडते, आणि अधीक्षक नाही म्हणू शकत नाहीत. माझे १८,००० कुठल्या एका मुलाच्या नावावर पडत नाहीत, ते त्या अठरा किलो पिठात जातात. हे माहितीपत्रकात लिहायला हवं. मला ते खटकलं नाही, उलट बरं वाटलं. पण ते फळा वाचून कळायला नको होतं.

मग पत्राचं विचारलं. अधीक्षक सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. कुण्या देणगीदाराने मुलीचं पत्र परत पाठवलं होतं, लाल शाईने चुका दुरुस्त करून. शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या पैशात हेच शिकवता का?' ती मुलगी दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर सरांनी मजकूर फळ्यावर लिहायला सुरुवात केली, म्हणजे चूक झालीच तर ती त्यांची. 'तुमचा ईमेल मिळाला,' ते म्हणाले. 'आशीर्वादाचं बरोबर होतं. चूक माझीच होती.'

त्या टेबलाशी मला जे वाटलं ते लिहिताना अजून जड जातं. लाल शाईवाला आणि मी यांत फरक एवढाच की मी टाइप केलं होतं.

मुलाला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला आणि पाठ केलेली दोन वाक्यं म्हणाला. काय आवडतं विचारलं तर 'अभ्यास'. मग मीच विचारलं की बाहेर ती टाकी भरते कशी. तेव्हा चेहरा उघडला. टाकीच्या कॉकची जबाबदारी त्याची. लाईट आली की मोटर लावायची, पाणी वर चढलं की बेसिनकडचा कॉक बंद करून न्हाणीचा उघडायचा, नाहीतर लहान मुलांच्या बादल्या अर्ध्या राहतात. कॉकचं चाक तुटलंय, म्हणून तो पान्याने फिरवतो. पाना त्याच्या पत्र्याच्या पेटीत, कुलपात असतो. पेटी उघडून दाखवली. वर घडी घातलेला गणवेश, खाली वह्या, कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला पाना. हे त्याने मला पत्रात कधीच कळवलं नसतं, कारण मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. चौदा महिन्यांत माझ्याकडून एक ओळही गेली नव्हती.

तेव्हापासून आधी मी लिहितो. आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. पोस्टकार्ड पन्नास पैशांचंच आहे, पण त्यावरचं सगळे वाचतात, आणि मुलाचं घरचं काही असतं. संस्थेत आलेलं आणि गेलेलं प्रत्येक पत्र अधीक्षक वाचतात, ते योग्यच आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी ते हवंच. मी एकच ठरवलंय, पत्रात एक खरा प्रश्न विचारायचा, आणि सोबत माझा पत्ता लिहिलेलं कोरं आंतर्देशीय पाठवायचं. सरांना सांगितलं, माझ्या मुलाला फळा नको. चुका राहू देत.

कुणी विचार करत असेल तर थोडं सांगतो. मुलाचा फोटो स्टेटसला टाकू नका. संस्था देत असेल तरी नको. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. पावती आली त्याच दिवशी पॅनचं अक्षर न अक्षर तपासा, मे महिन्याची वाट बघू नका. आणि ताळेबंद मागा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर लेखापरीक्षण तिला करावंच लागतं, दाखवायला संकोच कशाला? मी मागितल्यावर दिला, पण न मागता सगळ्या पालकांना पाठवायला हवा, हे माझं म्हणणं कायम आहे. यंदाची पावतीही तीन आठवडे उशिरा आली. कार्यालयात दोन माणसं आहेत आणि त्यातलं एक अनुदानाच्या फाइली घेऊन जिल्ह्याला हेलपाटे घालतं, हे आता माहीत आहे. तरी उशीर तो उशीरच.

दहावीनंतर काय, हा मला सतावणारा प्रश्न आहे. योजना दहावीला संपते. मुलगा जूनमध्ये आठवीत जाईल. त्यासाठी दरमहा ५०० रुपये वेगळे टाकायला लागलोय. संस्थेकडे नाही, माझ्याच खात्यात.

गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. अक्षर पहिल्यापेक्षा खराब, कारण भराभर लिहिलंय. (पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला.) 'कारखाण्याचा पट्टा पडला. आई दादा आले. आईच्या हाताला पाचट लागून कापलं पण आता बरं आहे. सरांनी कॉकचं नवीन चाक बसवलं. पाना मी दीला नाही, पेटीतच आहे. तूमच्याकडे पाणी कीती वाजता येतं?'

संध्याकाळी सव्वासहाला येतं आणि पाऊण तास टिकतं, असं काल लिहून टाकलं.