जादा हप्ता की छंद वगळून विमा?

हरिहर गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या नाशिककराला आयुर्विमा कंपनी सहसा फारसं विचारत नाही. दोर लावून कडे चढणाऱ्याला मात्र वेगळी प्रश्नावली येते: वर्षातून किती चढाया, किती उंची, प्रशिक्षण कुठलं? मग बहुधा दोनपैकी एक अट पुढ्यात येते: जादा हप्ता भरा, नाहीतर छंद वगळून विमा घ्या.

जादा हप्ता टोचतो. समजा विम्याच्या दर हजार रुपयांमागे २ रुपये लावले, तर १ कोटीच्या विम्यावर वर्षाला २०,००० रुपये. पण कड्यावरून पडून मृत्यू झाला तरी घरच्यांना पैसे मिळतात.

छंद वगळला तर हप्ता नेहमीचाच, पण नेमक्या त्याच अपघाताला संरक्षण नाही. दर रविवारी दोर खांद्यावर टाकणाऱ्यानं हे घेणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवणं! (छंद लपवणं हा पर्यायच नव्हे, विमा कायद्याच्या कलम ४५नुसार पहिली ३ वर्षं पॉलिसी तपासली जाऊ शकते.)