ठिबकातून खत-औषध सोडायला शिकायचंय : कंपनीचा एक दिवस की केव्हीकेचे तीन?

लॅटरल (सरीतली बारीक नळी) किती एमएमची नि ड्रीपर (तिच्यावरचं थेंब सोडणारं तोंड) किती लिटरचा, हे इथं उगाळत नाही. मी दोन्हीकडं बसून आलोय. आधी ठिबक कंपनीच्या एकदिवसीय वर्गाला, मग कृषी विज्ञान केंद्रात, म्हणजे केव्हीकेत, तीन दिवस.

कंपनीला नावं ठेवणार नाही. फुकट, कोल्हापुरातच हॉलवर, जेवण झकास, संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्र हातात. उसाला युरिया किती हप्त्यांत विभागायचा, १२:६१:० (नत्र-स्फुरदाचं विद्राव्य खत) कधी, पोटॅश कधी, हे मला तिथंच उमगलं. तो कागद अजून मोटारीच्या खोलीत चिकटवलेला आहे. पण सगळं पडद्यावर, आणि पडद्यावर लाईट जात नाही.

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, वर मधेच ट्रिप. त्याच हंगामात व्हेंचुरीला (पाण्याच्या ओढीनं खत लाइनीत खेचणारा जोड) युरियाच्या पाण्याची बादली लावून मी चहाला घरी गेलो. परत आलो तर बादली कोरडी. म्हटलं, बरं झालं, उसाला गेलं. मग मोटार बंद दिसली आणि विहिरीत पाइप गुळगुळ करताना ऐकू आला. शेत विहिरीच्या वरच्या अंगाला, विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व गळका. मेनलाइनीतलं पाणी उलटं फिरलं आणि जाताना बादलीतलं खतही ओढून विहिरीत घेऊन गेलं. त्याच विहिरीचं पाणी दोन म्हशी पितात. पंधरा दिवस त्यांना घरच्या नळाचं पाणी वाहिलं. नशीब, बादलीत कीटकनाशक नव्हतं. कंपनीच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "डीलरकडून बघून घ्या."

केव्हीकेत दुसऱ्या दिवशी सरांनी खत चालू असतानाच मुद्दाम स्टार्टर पाडला. मोटार आणि व्हेंचुरी यांच्यामध्ये एनआरव्ही (पाणी उलटं न सोडणारा व्हॉल्व) का, त्याच्याजवळ एअर व्हॉल्व (लाइनीत हवा घेऊन ओढ तोडणारा) कशाला, हे समोर दिसलं. मग पाण्याच्या बाटलीत कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० एकत्र टाकून हलवलं. बाटली दुधासारखी पांढरी. "हेच ड्रीपरात बसतंय," एवढंच बोलले.

गैरसोय आहे. तीन दिवस धारा कोण काढणार? तारखा उशिरा कळतात. जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी अशी दोन केंद्रं आहेत, दोन्हीकडं फोन करून ठेवावा. पुण्याजवळ मांजरीच्या व्हीएसआयचाही (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) ऊसशेतीचा वर्ग चांगला, पण तो सगळ्या ऊसशेतीचा, नुसत्या ठिबकाचा नव्हे.

कागदाचं म्हणाल, तर आपल्याकडं स्वतःच्या रानात ठिबकातून खत सोडायला प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९८६ पासून त्यासाठी कायदा आहे. तिथं माणसाला प्रमाणपत्र लागतं आणि पाणी उलटं फिरू नये म्हणून व्हॉल्वही. आपल्याकडं तो लागतच नाही, त्यामुळं रंगीत कागदासाठी कुठंच जाऊ नका.

ठिबक नवीन असेल, पाणी नदीवरून पाणीपुरवठा संस्थेच्या सामायिक पाइपनं येत असेल आणि फक्त वेळापत्रक हवं असेल, तर कंपनीचा दिवस कदाचित पुरेल. तरी संस्थेच्या लाइनीत उलटं गेलेलं खत शेजाऱ्याच्या रानात निघू शकतं, हे ध्यानात असू द्या. विहीर-बोअरवाल्यानं मात्र, माझ्या मते, तीन दिवस काढावेत. आणि नाव नोंदवताना कुठंही एकच विचारा : प्रात्यक्षिकात मोटार मधेच बंद करून दाखवता का?