यिडिश बुक सेंटरचं डिजिटल ग्रंथालय: शिकवणाऱ्यांसाठी

ॲरन लॅन्स्की यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या, अमेरिकेतल्या ॲमहर्स्टच्या या संस्थेने 11 हजारांहून अधिक यिडिश (हिब्रू लिपीत लिहिली जाणारी ज्यूंची भाषा) पुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवली आहेत. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची, लोकपरंपरा शिकवणाऱ्यांना याहून मोठा खजिना सापडणं अवघड.

मात्र शोधताना दमछाक होते, आणि दोष ग्रंथालयाचा कमी, लेखनपद्धतींचा जास्त. यिवो या यिडिश संशोधन संस्थेचे प्रमाण लेखननियम 1937 सालचे. त्याआधीची बरीच पुस्तकं जर्मन वळणाची, मध्येच अनुच्चारित अक्षरं घालणारी. सोव्हिएत छापखान्यांनी तर हिब्रू मूळ असलेले शब्दही उच्चाराप्रमाणे छापले. ‘शाबेस’ (शब्बाथ) इतरत्र शिन-बेस-सोव्ह अशा तीन अक्षरांत, स्वरांशिवाय लिहितात. सोव्हिएत पुस्तकात तोच आलेफ, आयिन ही स्वरांची अक्षरं घालून येतो. त्यामुळे मजकुरात शोधताना दोन्ही रूपं टाका, नाहीतर बरंच साहित्य हातचं जातं. रोमन लिपीत शोधायचं तर यिवोची पद्धत धरा, जर्मन स्पेलिंग नको.

वर्गासाठी सर्वात कामाची यिझकोर पुस्तकं, म्हणजे नष्ट झालेल्या गावांचे स्मृतिग्रंथ. लग्नातला बादखन (यमकं जुळवत हसवणारा विदूषक), क्लेझ्मर (पारंपरिक ज्यू संगीत) वादक, पुरीम सणातली सोंगं असे तपशील त्यांत मिळतात. पण ती बहुतेक होलोकॉस्टनंतर, आठवणीतून लिहिलेली. गावाचं चित्र थोडं उजळलेलं असतं. शेजारी, ज्या काळाचं वर्णन आहे त्याच काळातलं वर्तमानपत्र ठेवाच. नवशिक्यांना पूर्ण प्रकरण देऊ नका, अर्धं पान पुरे. जुनी छपाई पुसट असेल तर आधी मोठी करून वाचून पाहा: बेस आणि कोफ हमखास गोंधळ घालतात.