पायलोनिडल सायनस: लिंबर्ग, कॅरिडाकिस की बॅस्कम?

सांगली-मिरजेत ‘मूळव्याध, भगंदर’च्या पाट्यांना तोटा नाही, आणि माकडहाडावर गळू झालेला माणूस बहुतेक वेळा त्यातल्याच एका दारात पोचतो. विशी-पंचविशीतला, अंगावर दाट केस असलेला, दिवसभर ट्रॅक्टर किंवा ट्रक चालवणारा. हा भगंदर नव्हे, पायलोनिडल सायनस. सुटे केस नितंबांमधल्या घळीत कातडीखाली घुसतात, आत पोकळी होते, पू वाहत राहतो. पोकळी काढून बरोबर मधोमध टाके घातले, की त्याच खोल, घामट जागी जखम उसवते आणि दुखणं परत येतं. म्हणून फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी-चरबी सोडवून खड्ड्यावर सरकवणं. त्याचं काम दोनच: टाक्यांची रेषा बाजूला नेणं, घळ उथळ करणं.

शीर्षकातल्या तिन्ही फ्लॅपच्या पद्धती; त्यांतला लिंबर्ग सर्जनांच्या हातात चांगला बसलेला आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा, वर-खाली 60 अंश आणि बाजूंना 120, सेक्रमच्या (माकडहाडावरच्या कण्याच्या हाडाच्या) आवरणापर्यंत काढायचा. शेजारच्या नितंबावरून त्याच मापाचा फ्लॅप, खालच्या फॅशियासकट (स्नायूवरच्या पातळ आवरणासकट) उचलून, खड्ड्यात फिरवायचा. ताण पडत नाही. मोठ्या, अनेक तोंडांच्या किंवा एकदा ऑपरेशन होऊन परतलेल्या सायनसला आमची पसंती यालाच. खोट आहे ती मूळ आखणीत: खालचं टोक मध्यरेषेवर, गुदद्वाराजवळ पडतं. तिथं घाम साचतो, कातडी भिजून पांढरी पडते आणि टाके तिथूनच सुटतात. म्हणून खालचं टोक 1 ते 2 सेंमी बाजूला घेतलेला सुधारित लिंबर्गच हवा. तुमचे सर्जन अजूनही जुन्याच आखणीने करणार असतील तर का, ते विचारायला लाजू नये. फ्लॅपचं टोक फार निमुळतं कापलं किंवा टाके करकचून आवळले, तर रक्त न पोचून ते काळं पडतं. व्रण मोठा आणि वेडावाकडा राहतो, वर थोडा बधिरपणा.

कॅरिडाकिस हे ग्रीक सर्जन; त्यांची पद्धत 1973 साली प्रसिद्ध झाली. मध्यरेषेच्या एका बाजूला सरकवलेला लंबगोल छेद, मधल्या कडेखालून साधारण 2 सेंमी सोडवलेला जाड फ्लॅप, आणि तो पलीकडे ओढून शिवणं. व्रण एकच, सरळ. मध्यम आकाराच्या सायनसला उत्तम. रुंद खड्ड्यावर मात्र ताण येतो आणि फ्लॅपखाली पाणी साठतं.

बॅस्कम या सर्जनच्या क्लेफ्ट लिफ्टमध्ये चरबी जवळपास जागेवरच राहते, फक्त कातडी सोडवून घळ वर आणली जाते. गुदद्वाराजवळच्या, न भरणाऱ्या जुन्या जखमेवर ही सरस. करणारा हात मात्र सरावलेला हवा. झेड-प्लास्टीला (इंग्रजी Z च्या आकाराचा छेद घेऊन कातडीचे त्रिकोण अदलाबदल करण्याला) आम्ही शेवटचा नंबर देतो.

दोन-तीन बारीक छिद्रंच असतील तर फ्लॅपची गरजच नाही. ती छिद्रं काढणंही पुरतं. गळू पिकलं असताना फ्लॅप करू नये: आधी बाजूला चीर देऊन पू काढावा, सूज ओसरू द्यावी.

ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) घातला असेल तर त्यातून येणारं पाणी दिवसाला 20-30 मिलीच्या खाली आल्यावर तो निघतो, टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी. तोवर थेट टेकून बसणं नको, कराड-सातारा हायवेवर मोटारसायकल तर नकोच. सिगारेट ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते. पुढे घरच्या वस्तऱ्याने वर्षानुवर्षं केस काढत राहण्यापेक्षा लेझरने काढलेले बरे. कापलेल्या केसांचे टोकदार तुकडे पुन्हा त्याच घळीत जातात.