सर्वेक्षण प्रकल्प की डिझाइन थिंकिंग? पाचवी ते सातवीला शिकवणाऱ्यांसाठी

वर्षभरात मुलांकडून एकच मोठा प्रकल्प नीट करून घेता येतो. प्रतिभा कारंजी (कर्नाटकातली शालेय कलागुण स्पर्धा), क्रीडा स्पर्धा आणि दसऱ्याची सुटी वजा केली, की दुसऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून जूनमध्येच ठरवावं लागतं: बालविज्ञान परिषदेच्या धर्तीचा, म्हणजे परिसरातल्या गोष्टींची माहिती गोळा करून निष्कर्ष काढायचा सर्वेक्षण प्रकल्प घ्यायचा, की डिझाइन थिंकिंगचा, म्हणजे कुणाची तरी अडचण समजून घेऊन उपाय बनवायचा आणि त्याच माणसाकडे तपासून सुधारायचा? कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी पहिला चार वर्षं केला, दुसरा गेली तीन वर्षं करतोय. दोन्हींच्या सगळ्या पायऱ्यांच्या तपशिलात शिरत नाही. मुलं स्वतः विचार करायला लागतात का, एवढंच मला बघायचं आहे.

सर्वेक्षणाची बाजू आधी सांगतो, कारण त्याने मला पुष्कळ दिलं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. त्यामुळे नोंदवही कशी ठेवायची, आलेख कुठे काढायचा, याची वाट मळलेली आहे. सरासरी आणि टक्केवारी फळ्यावर शिकवावी लागत नाही, मुलं ती गरजेने शिकतात. आमच्याकडे तर पाऊसच एवढा, की एका वर्षी बाटली कापून पर्जन्यमापक केलं आणि दोन महिने रोज मोजलं. तिसऱ्या दिवशी पाचवीतल्या एकाने विचारलं, “सर, रात्री पडलेला पाऊस कालचा धरायचा की आजचा?” हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा दिवस धरतं, हे मी त्याला सांगितलं खरं, पण ते आठवडाभराने. तोवर वर्गाने भांडून स्वतःचा नियम केला होता. असा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की त्या वर्षाचं सार्थक होतं.

पण ते मोजायचं काम होतं. माणसांना विचारायचं काम आलं की गाडी अडते. पुढच्या वर्षी आम्ही गावातल्या ४० घरांच्या पाणीवापराचं सर्वेक्षण घेतलं. पहिल्या दिवशी बाहेर पडताना सहावीतली एक हुशार मुलगी मला म्हणाली, “निष्कर्ष मी कालच लिहून ठेवलाय, सर. आता घरं तेवढी फिरायची राहिलीत.” वही उघडून दाखवली. अक्षर सुंदर. ‘लोक पाण्याचा अपव्यय करतात, पाणी जपून वापरावे.’

तिचा दोष नव्हता. आधीच्या वर्षांच्या फायली तिने बघितल्या होत्या आणि निष्कर्ष कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. खरी चूक माझी, कारण त्या फायली मीच नमुना म्हणून वर्गात ठेवल्या होत्या. प्रश्नावलीत आम्ही विचारलं होतं, ‘तुम्ही पाणी वाया घालवता का?’ चाळीसच्या चाळीस घरांनी ‘नाही’ सांगितलं. तरी निष्कर्ष होता तसाच राहिला, आणि त्यावर कुणीच बोट ठेवलं नाही. मुलांनी नाही, पालकांनी नाही, परीक्षकांनीही नाही. मी प्रश्न बदलून पाहिले, अंदाज आधी लिहून पाकिटात बंद करायला लावला. थोडा फरक पडला. पण आपण चुकलो हे मुलाला सांगणारं त्या प्रकल्पात कुणी नसतं, ही गोष्ट मला सलत राहिली. त्यावरूनच मी दुसरीकडे वळलो.

डिझाइन थिंकिंगचा पहिला विषय मुलांनीच निवडला. बाजाराला जाणाऱ्या आज्यांना बसस्टँडवर गाडी कळत नाही. मुलांनी अडचण फळ्यावर लिहिली: ‘बोर्ड कन्नडमध्ये असतो म्हणून आजींना वाचता येत नाही.’ उत्तरही लगेच तयार, मराठीत गावांची यादी. सुबक यादी घेऊन पोरं पहिल्याच आजींकडे गेली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “चांगलं केलंसा. पण मला मराठी तरी कुठं वाचाय येतंय?”

परत येताना कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि लिहिलं: ‘आजींना गाडी ओळखता येत नाही.’ मग मागून कुणीतरी विचारलं, “पण मग आतापर्यंत त्या कशा जातात?” हे आम्ही विचारलंच नव्हतं. पोरं पुन्हा गेली. एक आजी कंडक्टरला चेहऱ्याने ओळखतात. एक आपल्या गावच्या बायकांची टोपली दिसली की त्या गाडीत चढतात. आणि एका आजींनी सांगितलं, विचारलं की लोक सांगतात, पण कन्नडमधून विचारायची भीड वाटते. अडचण अक्षरांची नव्हतीच.

मी पाठ घेऊन हे शिकवू शकलो नसतो. एका आजींच्या एका वाक्याने ते झालं, आणि मुलांनी ते मनाला लावून घेतलं, कारण वस्तू त्यांनी केलेली होती आणि ‘नाही’ म्हणणारं माणूस समोर उभं होतं.

आता त्रासाचं सांगतो, कारण तुम्हाला तो होणारच. वेळ दुप्पट लागतो. वर्गात गोंगाट होतो. शहाणी मुलं पहिल्या मिनिटाला ‘अ‍ॅप करू’ म्हणतात. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या की काम झालं असं वाटायला लागतं. आकडेमोड जवळजवळ होत नाही, आणि गुण कशाला द्यायचे हे मला अजून नीट जमलेलं नाही. मात्र साहित्य नाही म्हणून थांबू नका. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी, केंद्र सरकारचं २० लाखांपर्यंत अनुदान असतं, पण ती सहावीपासून पुढे. आम्हाला पुठ्ठा, सुतळी आणि चिकटपट्टी पुरली.

पायऱ्या कुठल्या घ्यायच्या, यावर थोडं. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेतून २००९ मध्ये निघालेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’च्या चार पायऱ्या, म्हणजे जाणा, कल्पना करा, करा, सांगा, चौथी-पाचवीला सोप्या जातात. तरी मी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाच पायऱ्यांकडे (समजून घ्या, अडचण मांडा, कल्पना काढा, नमुना बनवा, तपासा) झुकतो, कारण तिथे अडचण नेमक्या शब्दांत मांडायची पायरी वेगळी आहे. फळ्यावरचं वाक्य पुसलं गेलं ते तिथेच. चारच घेणार असाल तर पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये एक तास त्या वाक्यासाठी राखून ठेवा.

तुमची मुलं गणितात कच्ची असतील किंवा हाताशी दोनच महिने असतील, तर सर्वेक्षण घ्या, पण माणसांचं नको. पाऊस, विहिरीची पातळी, भाताची उंची असं काहीतरी मोजा. पूर्ण वर्ष हाती असेल तर माझं मत एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमच्या मुलांनी शेवटी कन्नडमध्ये गावाचं नाव लिहिलेलं कार्ड केलं, कुणालाही दाखवता येईल असं. कन्नडच्या बाईंनी अक्षरं तपासून दिली. पहिलं कार्ड कमरेच्या पिशवीत. ते काढेपर्यंत गाडी सुटते. दुसरं बाजाराच्या पिशवीच्या बंदाला बांधलं. ऑगस्टच्या पावसात शाई पसरली. तिसऱ्याला वरून चिकटपट्टी आहे आणि ते टिकलंय. चार आज्या ते वापरतात. पाचव्या आजींनी परत दिलं: “पिशवीला पाटी बांधून फिरू काय मी?” त्यांच्यासाठी काय करायचं यावर सहावीत दोन तट पडलेत, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही तट त्यांच्या घरी जाणार आहेत.