आधी स्पीकर की आधी अ‍ॅम्प?

बीडहून संभाजीनगरकडे निघालं की काचा वर असूनही टायरची घरघर कीर्तनकारांच्या शब्दांवर चढते. आपण व्हॉल्यूम वाढवतो, तर शब्दच फाटायला लागतात. मग दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच: स्पीकर बदलू की अ‍ॅम्प्लिफायर बसवू? मी दोन्ही केलंय, आणि उलट्या क्रमानं केलंय, म्हणजे स्पीकर नंतर बदलले.

डेकवर, म्हणजे गाडीतल्या म्युझिक प्लेअरवर, ‘५० × ४ वॅट’ छापलेलं असतं, पण तो क्षणभराचा आकडा. सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, चॅनेलमागे, म्हणजे दर स्पीकरमागे, साधारण १५ ते २० वॅटच असते. त्यात ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून स्पीकरच्या खोक्यावर आधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठ्यानं वाजतो तो आकडा. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा घेतला तर तेच ३ डेसिबल वायरिंगला हात न लावता मिळतात. दुकानात वॅट सगळे सांगतात, हा आकडा आपणच विचारावा लागतो.

पण नुसते स्पीकर बदलून भागत नाही, दारही बघावं लागतं. माझ्या गाडीचं पॅनल काढल्यावर आतल्या पत्र्याला टिचकी मारली, तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारा जाड थर, चिकटवून भोकं बुजवली आणि तीच टिचकी ‘ठप्प’ झाली. स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला मारत होता, तो अडला आणि ढोलकीला एकदम अंग आलं. शीट ब्यूटाइल रबराचीच घ्या. डांबरी स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडून सुटते. जमत असेल तर पुढे कंपोनंट सेट लावा, त्यात मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वेगवेगळे असतात. ट्वीटर वर बसतो, त्यामुळे गाणारा गुडघ्यापाशी नाही, समोर बसल्यासारखा वाटतो.

अ‍ॅम्पचा फायदाही खराच. चॅनेलमागे ५० वॅट आरएमएस मिळाले की हायवेवरच्या वेगातही आवाज न फाटता चढतो. मात्र काम चोख हवं: वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळच, अर्थिंगची वायर उघड्या पत्र्यावर. माझं अर्थिंग रंगवलेल्या बोल्टवर दिलं होतं. रेस वाढवली की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ यायचं. महिनाभर वैतागलो, शेवटी रंग खरवडून पुन्हा आवळल्यावर ते गेलं. शिवाय कंपनीच्या साध्या स्पीकरना अ‍ॅम्पनं ना सफाई आली ना गोडवा, फक्त जोर आला.

सीटखालचा सबवूफर, म्हणजे फक्त बासचा स्पीकर, ठेक्यासाठी छान, पण शब्द स्पष्ट करणं त्याचं काम नाही.

माझं मत: घरच्यांना घेऊन जालना-लातूर फिरणाऱ्याला स्पीकर आणि डॅम्पिंग पुरे. रोज हायवेला असाल, गाडी जुनी डिझेल असेल, तर त्यावर अ‍ॅम्प.

पैसे देण्याआधी एक करा. बास शून्यावर आणा, पेनड्राइव्हवर चांगल्या प्रतीचं, ३२० केबीपीएसचं गाणं लावा आणि हळूहळू आवाज वाढवत तळहात दारावर ठेवा. दार थरथरलं तर डॅम्पिंग. अर्ध्या व्हॉल्यूमलाच घोगरं झालं तर स्पीकर. पाऊणपर्यंत स्वच्छ आहे पण रस्त्याच्या आवाजापुढे कमी पडतंय, तर अ‍ॅम्प.